वालाच्या मुळाशी फाटलेली ट्यूब

सायकलची ट्यूब कुठेही पंक्चर झाली तरी माणूस दोन शिव्या हासडून पुढे जातो. खिळा लागला, काच लागली, बाभळीचा काटा गेला, दोष रस्त्याचा. पण ट्यूब वालाच्या मुळाशी फाटली, म्हणजे हवा भरायचा तो पितळी नळा जिथे रबराला चिकटलेला असतो नेमकी तिथेच फाटली, तर रस्त्याला बोल लावता येत नाही. तिथे खिळा पोचत नाही. वर टायर, खाली रिम, मध्ये ती सुरक्षित बसलेली. तिथे जे काही होतं ते घरातल्या घरात होतं. आणि त्या जागी पॅचही धरत नाही, कारण तिथे रबर सपाट नसतं. कानशीने घासा, सोल्यूशन लावा, वरून दगड ठेवा. दुसऱ्या दिवशी पॅच आपला बाजूला.

हे सगळं मला इतकं तपशिलात ठाऊक असायला नको होतं. मी काही सायकलवाला नाही. पण एका पावसाळ्यात माझ्या मागच्या चाकाने मला हे शिकवलं.

आमच्या घरात ही गोष्ट दर गणपतीत निघते. सांगतो माझा मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. माझ्या घोरण्याची नक्कल करून सांगतो. पोरं हसून लोळतात, सुना पदर तोंडाला लावतात, मीही हसतो. गोष्टी सांगणारा म्हणून घरात नाव माझं, पण ही एक गोष्ट त्याच्या मालकीची. तो ती जिथे संपवतो, त्यापुढे ती अजून थोडी आहे. तेवढी तो सांगत नाही. आजवर मीही सांगितली नाही.

मी मूळचा पेणच्या खारपाटातला. घरचे मिठागरावर राबणारे. मला रोह्याच्या एका कंपनीत टेंपररी म्हणून घेतलं आणि लग्न ठरलं ते जोह्याच्या मुलीशी. आमच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून जोह्यातच एक खोली भाड्याने घेतली, सासरपासून चार घरं सोडून. घरजावई म्हणावं तर मी भाडं भरत होतो. स्वतंत्र म्हणावं तर रोजची कालवणाची वाटी सासूबाईंकडून यायची. असा मधल्यामध्ये.

जोहे म्हणजे गणपतींचं गाव. सासरेही मूर्तिकार. हात सोन्याचा, जीभ मात्र जपून वापरणारा माणूस. दिवसाकाठी वीसेक शब्द बोलत असतील, त्यांतले निम्मे मातीशी. मेहुणा त्यांच्याच हाताखाली तयार झाला, पण त्या वर्षी उन्हाळ्यात बापलेकांचं फाटलं. त्याला स्वतःचा कारखाना काढायचा होता. सासरे म्हणाले, "काढ. पण या घरातलं कुणी तुझ्या शेडमध्ये दिसता कामा नये." त्यांच्या हिशेबाने हे मोठं भाषणच होतं. मेहुण्याने गावाच्या टोकाला पत्र्याची शेड टाकली आणि सासऱ्यांनी त्या बाजूला बघणंही सोडलं.

माझं आयुष्य तेव्हा एका बसवर टांगलेलं होतं. कंपनीची बस उजाडायच्या आधी रामवाडीच्या नाक्यावर यायची. तिथून कासू, नागोठणे करत रोहा. गावातून निघणारी पहिली एसटी नाक्यावर पोचेपर्यंत कंपनीची बस निघून गेलेली असायची, म्हणून जोह्याहून रामवाडीपर्यंत मी सायकल मारायचो आणि ती चहाच्या टपरीमागे लावायचो. ती बस कुणासाठी थांबत नसे. ड्रायव्हरचा सख्खा बाप धावत येताना दिसला असता तरी त्याने आरशात बघून गिअर टाकला असता. बस चुकली की मागाहून एसटीने रोह्याला जाता यायचं, पण तोवर गेट बंद.

आणि त्या वर्षी गेट बंद होऊन चालणार नव्हतं. टेंपररी माणसाला दर काही महिन्यांनी ब्रेक देतात. म्हणजे घरी बसवतात, आणि मग पुन्हा नव्याने घेतात, जणू हा इसम कंपनीने कधी पाहिलाच नव्हता. मी असे ब्रेक खाऊन कंटाळलो होतो. शिफ्टच्या साहेबांनी मला एक दिवस बाजूला घेतलं.

"दिवाळीच्या आत दोघांना परमनंट करायचंय. तुझं नाव मी देणाराय. बोलतोस फार, पण काम बरं आहे. फक्त वेळेवर ये. वरचे लोक दुसरं काही बघत नाहीत, तेवढंच बघतात."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, चहा पिताना सासऱ्यांना सांगितलं, दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या तिघांना सांगितलं. माझा स्वभावच तसा. आनंद झाला की मला तो वाटल्याशिवाय राहवत नाही.

त्यानंतर आठवडाभरात पहिली ट्यूब गेली.

पहाटे सायकल ओट्यावरून खाली उतरवली तर मागचं चाक बसलेलं. आदल्या संध्याकाळी अंगठ्याने दाबून बघितलं होतं, दगडासारखं टणक होतं. पंप मारला तर मुळाशी फुसफुस. धावत, ढकलत, एका दूधवाल्याच्या मागे बसून कसाबसा नाक्यावर पोचलो. बस लाल दिवे दाखवत कासूच्या दिशेने चाललेली.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढली, वाल बोटाने वाकवला आणि मुळाशी पडलेली चीर दाखवली.

"शेठ, ही गेली. नवीन टाका."

"पण असं कशाने होतं?"

"ट्यूबाच खराब येतात आताशी."

नवीन टाकली. थोड्याच दिवसांत तीही तिथेच फाटली. पंक्चरवाल्याचं निदान बदललं नाही: आताशी ट्यूबा खराब येतात.

मी खारपाटातला माणूस. मला पहिला संशय आला खाऱ्या हवेचा. आमच्याकडे गंज कशालाही सोडत नाही. म्हटलं, रिमला वालासाठी जे भोक असतं त्याची कड गंजून करवतीसारखी झाली असणार. बोट घालून बघितलं तर खरंच खरखरीत. गोल कानस आणली, घासून घासून कड गुळगुळीत केली. मला फार बरं वाटलं. दोन दिवस भेटेल त्याला मी रिमच्या भोकाची कड तपासायला सांगत होतो.

ट्यूब फाटली.

मग लक्ष गेलं रिमच्या आतल्या पट्टीवर. ती सरकली होती आणि वालापाशी लोखंड उघडं पडलं होतं. नवी पट्टी बसवली. वर आणखी शहाणपण म्हणून जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा गोल तुकडा कापला, त्याला मध्ये भोक पाडलं आणि गादीसारखा वालाच्या मुळाशी बसवला. त्यानंतर वालावरच्या चाकीची पाळी. ती मी पान्याने आवळत होतो, मोठ्या निष्ठेने. चाकी अशी आवळली की ती वालाला खाली खेचत राहते आणि मुळावर ताण येतो. ती बोटाने फिरेल तेवढीच फिरवायची असते. ते सुधारलं. पंपाची नळी ओढून काढायची सवय होती, ती मोडली. डाव्या अंगठ्याने वाल धरायचा आणि मगच नळी काढायची. हे सारं बरोबर आहे. आजही कुणाची ट्यूब वालापाशी जात असेल तर मी याच क्रमाने सांगेन. फक्त माझ्या सायकलला यातलं काहीही झालेलं नव्हतं.

या सगळ्या संशोधनात माझी बायको माझ्यासोबत होती. मी घमेलं मागायचा अवकाश, ती पाणी भरून आणायची. मी ट्यूब बुडवायचो, ती बॅटरी धरायची.

"बुडबुडे येतायत हो," ती म्हणायची. "मुळातूनच येतायत. काय बाई मेली ही ट्यूब!"

तो "काय बाई" मला अजून ऐकू येतो.

एव्हाना माझी बस दोनदा चुकली होती. साहेब रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. कार्डाकडे बघून म्हणाले, "अरे, मी तुझ्यासाठी बोललोय वर."

कामावरून मी चारच्या सुमारास घरी यायचो. सासऱ्यांच्या ओट्यावर चहा, मग आपल्या खोलीत दिवेलागणीपर्यंत झोप. पहाटे उठणाऱ्याला ती लागतेच. माझ्या झोपेची गावात ख्याती होती. घोरणं चार घरं पलीकडे पोचायचं म्हणत. मी झोपलो की बायको माहेरी टीव्हीवरची मालिका बघायला जायची आणि संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मला त्यात काय झालं ते सांगायची. त्यात एक विधवा नणंद होती, घरातल्यांनी तिला फार छळलं होतं. मला तिची काळजी लागून राहायची. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी ती गोष्ट साग्रसंगीत सांगायचो. एकदा मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "माझी बायको पण बघते ती मालिका. त्यात नणंद नाहीच आहे." मी त्याच्याशी नागोठण्यापर्यंत भांडलो. म्हटलं, तुझ्या बायकोचं लक्ष नसेल.

शेवटी मला जे दिसलं ते योगायोगाने दिसलं. नवी ट्यूब बसवताना मी वाल अगदी सरळ, आऱ्यांच्या रेषेत उभा केला होता. दोन दिवसांनी बघतो तर तो पुढे झुकलेला, वाऱ्यात भात झुकतं तसा. वाल तर रिमच्या भोकात अडकलेला. तो चालत कुठे जाणार? म्हणजे चालली होती ती ट्यूब. आणि ट्यूबला घेऊन चालला होता टायर.

खात्री करायला सासऱ्यांच्या कारखान्यातून मुकुटाचा सोनेरी रंग एका झाकणात आणला आणि टायरच्या कडेपासून रिमपर्यंत एक आडवी रेघ ओढली. माझा हात तो. रेघ कसली, सुरवंट. पण काम भागणार होतं. टायर रिमवर सरकला तर रेघ तुटणार, अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

दुसऱ्या संध्याकाळी रेघ तुटलेली होती. टायरवरचा सुरवंट दोन बोटं पुढे गेला होता.

आता टायर रिमवर कधी सरकतो? हवा कमी असेल, मागे ओझं असेल आणि उतारावर ब्रेक दाबला तर. रिम थांबते, टायर थांबत नाही. वाल मुळाशी ताणला जातो, रोज थोडा थोडा, आणि एका रात्री चीर पडते. पण मी तर हवा दगडासारखी ठेवत होतो आणि मागे माझ्या जेवणाच्या डब्याखेरीज ओझं नव्हतं. म्हणजे ती सायकल माझ्याखेरीज कुणीतरी चालवत होतं.

त्या दिवशी चहा पिऊन आलो, आडवा झालो आणि घोरलो. खोटं घोरणं फार अवघड काम आहे. आपण कसे घोरतो हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

बाहेरून मेहुण्याचा आवाज आला. "झोपले काय गो, बाय?"

"ऐक की. आवाज येत नाय काय?"

"आज जरा बारीक हाय."

"दमले असतील. घे लवकर."

मग फुस्स असा लांबलचक आवाज आला. माझ्याच सायकलची हवा माझ्याच ओट्यावर कुणीतरी सोडत होतं, आणि बायको शेजारी उभी राहून म्हणत होती, "पुरे, पुरे. रिम टेकंल."

मी खिडकीच्या फटीतून बघितलं. कॅरिअरला त्याने आडवी फळी बांधली आणि सायकल घेऊन शेडकडे निघाला. बायको त्याच्या मागून. माहेरचं दार तिने वळूनही बघितलं नाही.

मीही गेलो. मी शेडपाशी पोचेपर्यंत मेहुणा पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती घेऊन बाहेर पडलाही होता. आत बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्यासमोर माझी बायको पाटावर बसलेली, हातात केसाएवढी बारीक कुंचली. मी दारात उभा. ओरडायला तोंड उघडलं तर तिने मान न वळवता सांगितलं, "थांबा. बुबुळ काढतेय."

मी थांबलो. काय करणार? देवाचा डोळा अर्धा सोडून भांडायला ये असं कसं म्हणणार? दोन्ही बुबुळं होईस्तोवर माझा राग हात बांधून उभा राहिला.

लग्नाआधी बापाच्या कारखान्यात डोळे तीच आखायची हे मला माहीत होतं. त्या गावात माती कालवणारे पुष्कळ, रंग मारणारे पुष्कळ. डोळे आखणारे थोडे. भावाने शेड टाकली, मूर्ती केल्या, रंगवल्या, पण डोळे कोण आखणार? ती आली होती. बापाच्या शब्दाबाहेर जाऊन, रोज, मी घोरायला लागलो की.

"आणि मालिका?" मी विचारलं.

"कसली मालिका? माहेरचा टीव्ही शिमग्यापासून बंद हाय."

"मग ती नणंद?"

तिने कुंचली पुन्हा रंगात बुडवली.

"तिचं पुढे काय होतं?" खरं सांगतो, हे मी विचारलं. आणि विचारल्यावर मला स्वतःचीच इतकी कीव आली की खाली बसलो.

तोवर मेहुणा परत आला. मला बघून सायकल हातातच धरून उभा राहिला.

"भावजी, पावसाने फाट्यापर्यंतच्या रस्त्याची काय दशा झालीय बघताय ना. टेम्पोवाला आत येत नाय, हमरापूर फाट्यावर उभा राहतो. टाइट हवेत नेली तर मूर्ती धड पोचत नाय. कुणाची सोंड जाते, कुणाचा कान. हवा कमी केली की सायकल कशी पाळण्यासारखी चालते."

"आणि मी? माझी नोकरी? ती कुठल्या पाळण्यात?"

"परत हवा भरून ठेवत होतो की!"

"मला सांगायला काय झालं होतं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग बायकोच बोलली, अगदी शांतपणे, उद्याची भाजी कुठली ते सांगावं तशी.

"तुम्हाला सांगितलं असतं तर चहा संपायच्या आत बाबांना कळलं असतं. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाय. सगळ्या जोह्याला ठाऊक हाय."

मेहुणा खाली बघू लागला. तो का खाली बघत होता ते त्याला आणि मलाच माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने एक गोष्ट मला सांगितली होती, फक्त मला, रडत. त्या गोष्टीपायी मी एकटा एका ठिकाणी जाऊन आलो होतो. ती मी त्याच्या बहिणीलाही कधी सांगितली नाही, इथेही लिहीत नाही. मला वाटलं, आता हा म्हणेल, "असं नको बोलूस बाय, भावजींना ठेवता येतं पोटात." तो फळीची दोरी सोडत राहिला.

मी ओरडलो नाही. मी एक सभ्य तोडगा काढला, आणि तो काढताना मी स्वतःला फार थोर वाटलो. म्हटलं, सायकल ने, रोज ने, मी बाबांना बोलणार नाही. पण हवा काढायची नाही. पेंढा दुप्पट घाल, फळीखाली जुन्या टायरचे तुकडे लाव, म्हणजे दणका टायर घेईल आणि ट्यूब जगेल. आणि येत्या शुक्रवारी साहेब परमनंट करायच्या आम्हा दोघांना वरच्या साहेबांसमोर उभं करणार आहेत, तर गुरुवारी मात्र सायकलला कुणी हात लावायचा नाही. मेहुण्याने समोरच्या मूर्तीच्या पायाला हात लावून सांगितलं, "ह्याची शपथ, भावजी." बायको म्हणाली, "मी हाय ना. मी बघते."

नवी ट्यूब टाकली. वाल सरळ, चाकी बोटाने, गादी मुळाशी, हवा टणक. आणि नव्याने सोनेरी रेघ, पहिल्यासारखीच वाकडी.

गुरुवारी मी निश्चिंत झोपलो. उठल्यावर जाऊन अंगठ्याने टायर दाबला: टणक. बॅटरी लावून रेघ बघितली: टायरपासून रिमपर्यंत सलग. वाल कुठे आहे ते मी बघितलंच नाही. रेघ सलग आहे म्हटल्यावर वाल बघायची गरज काय? पडताळणीची इतकी पक्की पद्धत मी स्वतः शोधून काढलेली. मी इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावला आणि जेवलो.

पहाटे चाक बसलेलं होतं.

मी खाली वाकलो. वाल पुढे झुकलेला, पार आडवा. आणि त्याच्याजवळ रेघ, सलग, सरळ. बॅटरी आणखी जवळ नेली. ती रेघ माझी नव्हती. माझी रेघ सुरवंटासारखी होती. ही एका दमात ओढलेली होती, सुरुवातीला बारीक, मध्ये किंचित भरलेली, शेवटी पुन्हा बारीक. भुवई काढतात तशी. टायरच्या कडेला रॉकेलचा वास येत होता. जुनी रेघ पुसून टाकली होती.

आमच्या गावात असा हात दोनच माणसांना होता. एक माझे सासरे.

मी तिला उठवलं नाही. ती जागीच होती. दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मुंबईचा ट्रक लागला होता काल. शेवटची खेप होती. तो थांबत नव्हता."

"आणि रेघ?"

"तुम्ही रात्रभर तळमळला असता. म्हटलं, सकाळपर्यंत राहील हवा."

मी शर्ट घातला आणि चालत निघालो. बस चुकणार हे चालायच्या आधीच माहीत होतं. एसटीने रोह्याला गेलो. गेटवर उभा राहिलो. साहेब दुपारी बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता मी काय बोलू, तूच सांग." माझी जागा कासूहून बस धरणाऱ्या एका पोराला मिळाली. पोरगा चांगला होता. त्याने मला पेढाही दिला. मला पुढच्याच महिन्यात ब्रेक मिळाला आणि त्यानंतर कंपनीने पुन्हा नव्याने घेतलंच नाही.

मेहुण्याच्या गोष्टीत हे नाही. त्याची गोष्ट "थांबा, बुबुळ काढतेय" इथे संपते. तिथेच सगळे हसतात आणि कुणीतरी चहा आणायला उठतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी परत आलो तेव्हा सासरे नेहमीप्रमाणे ओट्यावर बसले होते. सासूबाईंनी चहा आणला. बायको चार घरं पलीकडे आमच्या दारात उभी होती, इकडेच बघत. रस्त्याच्या पलीकडे मेहुणाही येऊन थांबला होता, कशाला आला होता कुणास ठाऊक. बापाच्या ओट्यावर पाऊल टाकायची त्याला मुभा नव्हती. तिथूनच तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आता सगळं बोलून टाकणार ही दोघांचीही धास्ती मला इतक्या लांबून दिसत होती.

"झालं काय कामाचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाय झालं. गाडी चुकली."

"परत?"

"ट्यूब गेली. वालापाशी."

सासऱ्यांनी बशीतला चहा फुंकला. मला वाटलं, आजचे शब्द संपले. मग त्यांनी मान वर केली.

"तुम्ही हवा कमी ठेवता, जावई. तेच होतं मग."

मी बशीत चहा ओतला.

"व्हय," मी म्हणालो. "तेच असंल."